गिल्बर्टची बाही

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मर्विन एकहर्स्ट माळ्यावरून उतरताना शिडीची तिसरी पायरी चुकला आणि बिस्किटांच्या एका जुन्या डब्यासकट खालच्या गालिच्यावर येऊन बसला. त्याला काही लागले नाही. डब्याचे झाकण मात्र उघडले, आणि पुढच्या दहा दिवसांत एल्मडीन गावात जे काही झाले ते सगळे त्या डब्यातून बाहेर पडले.

डब्यात लोकरीच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा होता. त्यावर लाकडांची मोळी भरली होती आणि मोळीतून तीन लाल ज्वाळा निघत होत्या. सोबत मर्विनच्या पणजीच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'गिल्बर्ट एकहर्स्टची बाही. जपून ठेवा.'

"हिलरी!" मर्विन बसल्या जागेवरून ओरडला. "सापडला!"

"कोण सापडला?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले. "आणि पडलं काय?"

"मी पडलो."

"मग उठ. चहा गार होतोय."

एल्मडीनच्या बाजारचौकात एक शिळा आहे. इंग्लंडच्या कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात, १५५६ साली, धर्म बदलायला नकार दिला म्हणून तिथे तिघांना जिवंत जाळले. शिळेवर दोघांची नावे आहेत. तिसऱ्यासाठी एवढेच कोरले आहे: 'आणि आणखी एक, ज्याचे नाव देवाला ठाऊक.' त्याखाली वीतभर कोरी जागा आहे. गावातले प्रत्येक पोर शाळेतून येताजाता त्या जागी मनातल्या मनात आपले आडनाव लिहून बघते आणि पुढे मोठे होऊन ते विसरते. मर्विन त्रेसष्ट वर्षांचा झाला तरी विसरला नव्हता. त्याचे आजोबा सांगायचे, "आपला माणूस त्या जाळापाशी होता." त्यापुढचे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले नव्हते.

दर पाच नोव्हेंबरला गावाचे शेकोटी मंडळ मशालींची मिरवणूक काढते. हुतात्म्याच्या वंशातला माणूस पहिली मोळी खांद्यावर घेऊन सर्वांच्या पुढे चालतो आणि चौकातल्या जाळात टाकतो. गेली एकोणीस वर्षे हा मान रोलंड पेलिंगकडे होता; शिळेवरचा पहिला हुतात्मा त्याच्या खापरखापरपणजोबांचा भाऊ. मर्विन त्याच मिरवणुकीत एकतीस वर्षे सर्वांत मागे असे, विझलेल्या मशाली गोळा करणारी हातगाडी ढकलत. मिरवणूक म्हणजे लोकांच्या पाठी, असाच त्याचा समज झाला होता.

त्या शनिवारी दुपारी मर्विन तो तुकडा खिडकीपाशी धरून बराच वेळ बसला. बाहेर पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्यांवरून धुके हळूहळू खाली येत होते, शेजारच्या बागेतल्या गळलेल्या सफरचंदांचा आंबूस वास येत होता, आणि त्या धुक्यातून गिल्बर्ट एकहर्स्ट चालत आला. उंच, सडपातळ, उघड्या डोक्याचा. कान थोडे मर्विनसारखे. लोक बाजूला होत होते आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. त्याची नजर जाळाच्याही पलीकडे, लांब कुठेतरी होती.

"काय दिसतंय?" हिलरीने विचारले.

"स्वर्गाकडे बघतोय तो."

"बरं. जाताना कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला सांग त्याला. तू सकाळीच विसरलास."

मंडळाच्या अध्यक्षा बेरिल फनेल यांनी चष्मा कपाळावर चढवून तुकडा पाहिला, खाली घेऊन पाहिला आणि पुन्हा कपाळावर चढवून पाहिला. 

"जळणारी मोळी," त्या शेवटी म्हणाल्या. "आणखी काय हवं? पण मंडळाला कागद लागतो, मर्विन. उद्या कुणी आपल्या आज्जीचा रुमाल घेऊन येईल."

कागदासाठी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात फोन केला. तिथल्या मिस होड बिशपच्या कोर्टाची वही काढून बसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा शांत, कोरडा आवाज आला.

"मिस्टर एकहर्स्ट, नाव आहे. गिल्बर्ट एकहर्स्ट, विणकर. त्या दोघांबरोबर एकाच दिवशी पकडला. शेवटची ओळ वाचते: 'आणि सदर गिल्बर्ट यास उघड्या डोक्याने बाजारचौकात जाळासमोर आणण्यात आले.' पान इथं संपतं."

"पुढं?"

"पुढचं पान ओलीनं चिकटलंय. ते सोडवायला आठवडा तरी लागेल. तोवर काही ठरवू नका, एवढीच विनंती."

मर्विनने ही विनंती मंडळाच्या सभेत शब्दशः सांगितली. आठवड्यावर पाच तारीख होती.

"जाळासमोर आणला," बेरिलबाई म्हणाल्या. "यापुढं काय झालं असेल ते कळायला पान कशाला लागतं? त्याला काय बटाटे भाजायला आणला होता?"

सभा हसली. रोलंड पेलिंग हसला नाही.

"एकोणीस वर्षं मी मोळी वाहिली," तो म्हणाला. "गुडघा गेला माझा. आणि आता हा डब्यातून हुतात्मा काढतोय."

"रोलंड, तू तरी कुठं सरळ वंशज आहेस? तू भावाचा," बेरिलबाई म्हणाल्या.

"भाऊ तर भाऊ! रक्त तेच ना?"

मत घेतले. एका विरुद्ध अकरा. पहिली मोळी या वर्षी मर्विन एकहर्स्ट उचलेल, आणि शिळेवरच्या कोऱ्या जागेत बेसिल गॅंडर नाव कोरेल. बेसिल हा गावातला एकमेव पाथरवट. हाताचा कुशल, पण दिवसाला दोन अक्षरांच्या वर जात नसे.

मर्विन त्या आठवड्यात जमिनीवर नव्हताच. तो बसथांब्यावर उभा राही आणि शेजारी गिल्बर्ट उभा राही. तो परसात हिलरीच्या वाटाण्याच्या वेलांना लावायच्या काठ्यांची मोळी खांद्यावर घेऊन कोबीच्या वाफ्याभोवती संथ पावलांनी फिरे, आणि गिल्बर्ट त्याच्या पावलात पाऊल टाकी. वाण्याने पहिल्यांदाच त्याला "या, मिस्टर एकहर्स्ट" म्हटले. गाडी कोण ढकलणार हे कुणी विचारले तेव्हा मर्विन क्षणभर गोंधळला. कुठली गाडी, हे त्याला आठवेना.

सोमवारी हिलरीने तो तुकडा त्याच्या मिरवणुकीच्या पट्टेरी स्वेटरच्या डाव्या बाहीवर शिवायला घेतला आणि मध्येच थांबली.

"हा आधीही शिवलेला होता रे," ती म्हणाली. "चारी बाजूंनी, पक्का. आणि मग कुणीतरी घाईत उसवलाय. कात्रीनं नाही. दातांनी."

"जाळाच्या आधी आठवण म्हणून काढून दिला असेल," मर्विन म्हणाला. 

"दातांनी?"

"हात बांधलेले असणार, हिलरी."

हिलरीने सुईत दोरा ओवला.

मंगळवारी, पाच नोव्हेंबरला, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. मर्विन तेव्हा स्वेटर घालून आरशासमोर उभा होता.

"पान सुटलं," मिस होड म्हणाल्या. "बसलाय का तुम्ही?"

"उभा आहे."

"तर मग असंच वाचते. 'सदर गिल्बर्ट याने जाळ पाहताच आपले सर्व म्हणणे मागे घेतले व क्षमा मागितली. त्यास शिक्षा अशी की, त्याने लाकडाची मोळी खांद्यावर वाहून स्वतः जाळात टाकावी, इतर जळेपर्यंत तेथे उभे राहावे, आणि आपण माघार घेतली हे सर्वांस दिसावे म्हणून जळत्या मोळीचे चिन्ह डाव्या बाहीवर शिवून ते आयुष्यभर वागवावे.'"

मर्विनने आरशात पाहिले. डाव्या बाहीवर मोळी होती. दाराशी, खांद्यावर घ्यायची खरी मोळीही लाल फीत बांधून तयार होती.

"समासात आणखी एक ओळ आहे," मिस होड म्हणाल्या. "'चिन्ह काढून टाकल्याचे आढळले. गिल्बर्ट बायकामुलांसह गाव सोडून गेला.' आणि त्या दिवशी माघार घेतलेल्यांची यादी आहे. बावीस जण. दोन पेलिंग, तीन फनेल, एक गॅंडर..."

"आणि तिसरा? जो जळाला तो?"

"'एक परका इसम.' नाव कुणी विचारलेलं दिसत नाही."

फोन ठेवून मर्विन खुर्चीच्या कडेवर बसला. धुके काचेपर्यंत आले होते. गिल्बर्ट आताही त्यात उभा होता, तसाच उघड्या डोक्याने. पण तो कुठे बघत होता ते मर्विनला आता स्पष्ट दिसले. चौकाच्या पलीकडे एक गल्ली होती, आणि गल्लीच्या टोकाला घर.

"घाबरला तो," मर्विन हिलरीला म्हणाला.

तिने सगळे ऐकून घेतले. "मुलं किती होती?"

"लिहिलेलं नाही."

"एक तरी होतं. नाहीतर तू कुठून आला असतास?" तिने त्याची बाही सारखी केली. "मला विचारशील तर त्याच्या बायकोनंच उसवला हा. घरात पाय टाकल्याबरोबर. कात्री शोधत बसली नसेल."

मर्विन साडेपाचला चौकात पोचला तेव्हा मिरवणूक जुळत होती. बेरिलबाई शिटी वाजवत माणसे लावत होत्या.

"बेरिलबाई, एक मिनिट. ते पान सुटलं."

"वा! उद्या वाचू."

"त्याला जाळलंच नाही हो!"

"मर्विन, माझे सहा ढोलवाले आलेत, त्यातले चार प्यायलेत. आता नको!" आणि त्यांनी शिटी फुंकली.

रोलंड पेलिंग शिळेपाशी हाताची घडी घालून उभा होता. मर्विन सरळ त्याच्याकडे गेला आणि मोळी पुढे केली.

"घे. तुझा मान तुला. गिल्बर्टनं माघार घेतली होती."

रोलंडचा चेहरा उजळला. एकोणीस वर्षे मागे पडून तो तरुण दिसू लागला. "मी म्हणालो नव्हतो? डब्यातला हुतात्मा!"

"यादीत दोन पेलिंग आहेत."

"कुठल्या यादीत?"

"माघारीच्या."

ढोल सुरू झाले. रोलंडने शिळेवरच्या पहिल्या नावाकडे पाहिले.

"भाऊ," तो म्हणाला. "म्हणजे भावाला जळताना बघत तो इथं..."  मग त्याने मोळीकडे पाहिले. "ही मोळी त्यानंही वाहिली असणार."

"बावीस जणांनी वाहिली."

"च्यायला," रोलंड म्हणाला, आणि जरा वेळाने, "जड आहे का रे?"

"आहे."

"मागचं टोक दे माझ्याकडे. माझ्या गुडघ्याचं बघून चाल."

अशी त्या वर्षी पहिली मोळी दोघांनी वाहिली. लोक बाजूला झाले. मर्विनच्या पुढे पहिल्यांदाच कुणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता आणि धुक्यात विरघळणारा मशालींचा पिवळा उजेड. चालताना त्याला वाटत राहिले की आपण दोघेच नाही, मागे बरीच पावले आहेत, आणि ती सगळी दमलेली, घरी जायला उतावीळ झालेली आहेत.

जाळापाशी बेरिलबाईंनी प्रथेप्रमाणे हुतात्म्यांची नावे पुकारली आणि तिसऱ्या नावासाठी मर्विनकडे हात केला. त्याने टोपी काढली.

"गिल्बर्ट एकहर्स्ट," तो म्हणाला, "घरी गेला. जळाला तो कुणी परका होता. त्याचं नाव आपण विचारलं नाही."

पुढच्या चार रांगांनी हे ऐकले आणि त्या चिडीचूप झाल्या. मागच्या आठशे लोकांनी काही ऐकले नव्हते. त्यांनी टोप्या उडवल्या आणि गिल्बर्टचा जयजयकार केला. तेवढ्यात ढोल वाजले. मर्विन आणि रोलंडने मोळी टाकली, आणि ती पेटेपर्यंत दोघे तिथेच उभे राहिले. मिरवणूक पांगल्यावर विझलेल्या मशाली रस्त्यात तशाच पडलेल्या दिसल्या, तेव्हा मर्विनला गाडी आठवली. तो ती घेऊन आला. रोलंडने दुसरी मूठ धरली.

हे लिहीपर्यंतची स्थिती अशी आहे. बेसिल गॅंडरने सोमवार-मंगळवारी मिळून कोरलेली, गिल्बर्टच्या नावातली पहिली चार अक्षरे शिळेवर आहेत. दगड असल्याने ती खोडता येत नाहीत. गेल्या गुरुवारी रोलंड पेलिंग हिलरीकडे येऊन आपल्या बाहीवरच्या मोळीच्या ज्वाळांना लाल दोरा कोणत्या छटेचा लागेल, असे विचारून गेला. त्यानंतर दोन फनेलही येऊन गेले. बेरिलबाईंनी मंडळातर्फे दप्तरखान्याला पत्र लिहून विचारले आहे की, त्या परक्या इसमाचे नाव कुठे सापडेल काय, आणि ते योगायोगाने गिल्बर्टच निघण्याची काही शक्यता आहे काय.

मिस होड यांचे उत्तर काल आले. तपास करते, असे त्या म्हणतात. पुढचे पानही चिकटलेले आहे.