जास्तीचं सगळं बाहेर!

"दुपारपर्यंत तुझा कोट धुऊन, वाळून, हँगरला लटकलेला असेल. तू अगदी निवांत राहा!"

सकाळी बूट घालता घालता झाडूने बायकोला हे वचन दिलं, तेव्हा तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पांढरा सुती कोट, घरातला एकुलता एक बरा कोट. काल त्याच्या बाहीवर चहा सांडला होता. कुणी सांडला हे वेगळं सांगायला नको. आणि आज पाच वाजता तिची मुलाखत होती, वस्तुसंग्रहालयाच्या भांडाराच्या प्रमुखपदासाठी. या जागेकडे ती कित्येक वर्षं डोळे लावून बसली होती.

"साडेचारला मी तुझ्या ऑफिसात येते आणि कोट घालून तशीच पुढे जाते," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात उगाच काही सुधारायला जाऊ नकोस."

‘झाडू’ हे त्याचं ऑफिसातलं नाव. कुणी वापरत नाही असं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. गेल्याच आठवड्यात त्याने ऑफिसातले सगळे ड्रॉवर साफ केले. तिथला कचऱ्याचा डबा भरल्यावर उरलेला ढीग पिशवीतून घरी आणला आणि घरच्या डब्यात ओतला. घरी मात्र तो पुढे टाकत जातो आणि बायको मागून डबा तपासत जाते. एकदा त्यात तिचा पासपोर्ट निघाला होता, तेव्हापासून.

त्याची कंपनी कपडे धुण्याच्या दुकानांसाठी प्रोग्राम बनवते. एकच प्रोग्राम, पण तो दुकानातल्या संगणकावर, गिऱ्हाइकाच्या फोनवर आणि खुद्द धुण्याच्या मशीनच्या पोटातही चालायला हवा. कंपायलर हजारो फायलींचे यंत्राला कळणारे तुकडे करतो, लिंकर ते तुकडे शिवून एक गाठोडं बांधतो, आणि या दोघांनी कसं वागायचं त्याची सगळी सेटिंग झाडूच्या हातात! आता अशा माणसाला कोण सांगणार, जरा कमी अधिकार घे म्हणून?

ऑफिसात पोचताच त्याने कोट चाचणीच्या मशीनमध्ये टाकला आणि मग, मशीन सुरू करण्याआधी, सहज एक सेटिंग बदललं. ज्या तुकड्याला प्रोग्राममधलं कुणीच बोलवत नाही, तो लिंकरने खुशाल फेकून द्यायचा. जेवणाच्या वेळेपर्यंत गाठोडं तयार झालं. आकार जवळजवळ निम्मा!

"साहेब, बघा!" तो ओरडला. "इतकी वर्षं आपण केवढी अडगळ वाहत होतो!"

साहेब खूश झाले. मशीनच्या आतला प्रोग्राम लिहिणारी मुलगी, तिला सगळे मशीनवाली म्हणतात, तेवढी खूश झाली नाही.

"मशीनवर तपासलंस का?"

"संगणकावर चालतंय, फोनवर चालतंय. मशीन काय आकाशातून पडलंय? हे बघ, आत्ता घालतो."

नवा प्रोग्राम मशीनमध्ये गेला, दार खट्‌कन लागलं आणि कोट फिरू लागला. धुऊन झाला, पिळून झाला, वाळून झाला. मशीनने काम संपल्याची धून वाजवली. झाडूने दार ओढलं. दार हललं नाही. त्याने पाय टेकवून ओढलं. मशीन हललं, दार नाही!

मशीनवालीने पडद्यावर दोन मिनिटं शोधाशोध केली आणि मान वर केली. "दार उघडणारा तुकडाच गायब आहे."

"तो कसा जाईल? तो तर हवाच ना!"

"मशीनला हवा. पण प्रोग्राममधून त्याला कुणी बोलवत नाही. कपडे झाले की मशीनचं सर्किट त्याला थेट उठवतं. लिंकरला सर्किट कुठे दिसतंय? त्याला वाटलं, हा बसून खातोय."

"मग जुनं सेटिंग लावून पुन्हा भरू!"

"दार बंद असताना मशीन नवा प्रोग्राम घेत नाही. आत कपडे असले तर? म्हणून."

"हा भिकार नियम कुणाचा?"

"तुझा. वर सगळ्यांना त्याबद्दल टाळ्या वाजवायला लावल्या होत्यास."

वीज बंद करून पाहिली. दार आणखीच इमानदार निघालं, तसूभरही हललं नाही. साहेबांनी हातोडा सुचवला, मग उद्या हेच मशीन पाहायला गिऱ्हाईक येणार आहे हे आठवून स्वतःच मागे घेतला.

"दाराखाली भोक आहे बघ," मशीनवाली म्हणाली. "अडचणीत हाताने उघडायची चावी मशीनबरोबर आली होती. वाकडी, सहा कोनांची."

"कुठे आहे?"

"खालच्या ड्रॉवरमध्ये असायची."

सगळ्यांनी झाडूकडे पाहिलं. तो खरोखर रडण्याच्या बेतात होता. मशीनचं काय, उद्या होईल ते होईल, पण बायकोची मुलाखत त्या गोल काचेमागे चुरगळून पडली होती.

साडेचारला बायको आली. तिने आधी रिकामं हँगर पाहिलं, मग मशीनची काच, मग नवरा.

"काय सुधारलंस?"

त्याने सगळं सांगितलं. ड्रॉवरचंही. चावी कशी होती ते हाताने दाखवलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता पर्समधून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढत होती. त्यात एक वाकडी, सहा कोनांची सळई लटकत होती.

"ही... ही तुला कुठे मिळाली?"

"तू टाकलीस तिथे."

"कशाची आहे माहीत होतं तुला?"

"नाही. पण इतकी नीट घडवलेली वस्तू कुणी उगाच घडवत नाही."

खट्! दार उघडलं. कोटाला सुरकुत्या होत्या, पण चहा गेला होता. तिने तो चढवला आणि जिन्यावरून पळाली. झाडू मुकाट्याने जागेवर बसला आणि दाराच्या तुकड्यापुढे लिंकरसाठी सूचना लिहिली, हा कुणी बोलावो न बोलावो, ठेवायचाच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो जेवण वाढून बसला होता.

"त्यांनी विचारलं, वस्तू ठेवायची की टाकायची हे कसं ठरवाल? मी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि दुपारची हकिगत सांगितली. हसून हसून पाणी आलं त्यांच्या डोळ्यांत."

"मग?"

"सोमवारपासून रुजू व्हायचंय. नमुना म्हणून भांडारातली लेबलंही दिली आहेत." तिने एक लेबल घेतलं, त्यावर काहीतरी लिहिलं आणि दोऱ्याने त्याच्या शर्टाच्या गुंडीला बांधलं.

त्याने मान वाकडी करून वाचलं. ‘वस्तू: नवरा. उपयोग: तपास चालू. तूर्तास ठेवणे.’

काढून टाकावं म्हणून त्याचा हात दोऱ्याकडे गेला. मग त्याने तो गुपचूप मागे घेतला.