मोटर पाठवजा

सायकल चालवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सेलू तालुक्यात कोणी नव्हता! हे मी नाही, लोक म्हणत. म्हणजे मी आधी म्हणत असे, मग लोक मान डोलवत.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतली. मी चोवीस वर्षांचा, सिंदी रेल्वेच्या पोस्टात कारकून. आमच्या गावाहून सिंदी दोन कोस. रोज सायकलीनं जाणं, सायकलीनं येणं. रस्ता डांबरी, पण डांबराची पट्टी एवढी अरुंद की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर बैलांनी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून घ्यावी. दोन्ही बाजूंना मुरूम, तोही वीतभर खाली. मागून मोटर आली की सायकलवाल्यानं मुरमात उतरायचं, असा सगळ्या जिल्ह्याचा रिवाज.

माझा रिवाज वेगळा होता. गाय आली, उतरीन. गाडीबैल आले, उतरीन. मोटरीसाठी? नाव सोडा! डांबर सरकारचं आणि मीही सरकारचा! मोटरवाल्याला चार चाकं आहेत म्हणून त्याचा बाप काही रस्ता देऊन गेला नाही. त्यांनी हॉर्न वाजवावा, मी घंटी वाजवावी. सहा वर्षांत मी एकाही मोटरीला साइड दिली नव्हती.

याच रस्त्यावर, अर्ध्या वाटेवर, कोकिळेच्या गावचा फाटा लागे. ती रोज शिवणक्लासला सिंदीला पायी जायची. मी दिसलो की बाजूला व्हायची, मी दोनदा घंटी वाजवायचो, संपलं. असे आठ महिने गेले. एक दिवस तीच म्हणाली, ‘‘घंटी तं रोज वाजवता जी. थांबत काऊन नाई?’’

मी थांबलो. आता बोलायचं काय? मी म्हणालो, ‘‘ब्रेक नवे आहेत.’’

ती हसली. काय हसायची ती! आधी ओठ दाबायची, मग खांदे हलायचे आणि मग एकदम सगळं हसू बाहेर सांडायचं. हसणं आवरल्यावर तिनं माझ्या सायकलकडं पाहिलं आणि विचारलं, ‘‘कॅरिअर रोज रिकामंच नेता का?’’

त्या दिवशी पोस्टात मी वर्ध्याच्या सगळ्या पत्रांवर शिक्के उलटे मारले. त्या काळी बिनलग्नाच्या पोरीला कॅरिअरवर बसवणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. तेव्हा आधी लग्न, मग कॅरिअर! मी लग्न जमवणाऱ्या नानाजींना गाठलं आणि कोकिळेच्या वडिलांकडं, बबनरावांकडं पाठवलं.

इथून पुढं जे झालं त्याला एकच गोष्ट कारणीभूत आहे. आमच्या गावात वीज आली होती, बबनरावांच्या गावात आली नव्हती.

नानाजींनी आल्यावर बैठकीचा सगळा वृत्तांत मोठ्या फुशारकीनं सांगितला.

‘‘पोरगं पोष्टात आहे ते ठीक,’’ बबनराव म्हणाले. ‘‘पण घरी काय आहे?’’

‘‘अठरा एकर, विहीर. अन् मोटर आहे की! मागल्या सालीच घेतली. पाच हॉर्सपॉवरची!’’

‘‘मोटर?’’ बबनराव ताठ बसले. ‘‘चालते चांगली?’’

‘‘बटन दाबलं का सुरू!’’

‘‘ठेवता कुठं?’’

‘‘तिच्यासाठी टिनाची खोली बांधली ना.’’

‘‘पाणी ओढते का?’’

‘‘लय ओढते! बापूजी म्हणतात, अशी ओढणारी मोटर पंचक्रोशीत नाई.’’

‘‘ओढणारच,’’ बबनराव समजूतदारपणे म्हणाले. ‘‘मोठी मोटर म्हटली का पाणी आलंच.’’

दोघंही खूश! एकाच्या डोळ्यांपुढं विहिरीवरचा पंप आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढं चार चाकं. आठ दिवसांनी बबनरावांचा निरोप आला : ‘सोमवारी घर पाहायले येतो. संगं बायामाणसं आहेत. सकाळी मोटर पाठवजा.’

बापूजी, म्हणजे माझे वडील, निरोप ऐकून विचारात पडले. सारा गाव त्यांना बापूजी म्हणे, म्हणून मीही म्हणे.

‘‘मोटर कशाले पायजे त्याईले?’’ मी विचारलं.

‘‘अबे, त्याईच्या गावात लाइन नाई. पाह्यली नसन कधी. बायामाणसं येऊन राह्यली, त्याईले का विहिरीवर नेऊन दाखवाची? सोयरे पहिल्यांदाच काही मागून राह्यले, नाई कसं म्हणाचं?’’

इथं मी शहाण्यासारखं काही बोलायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं फक्त कॅरिअर होतं. त्यावर बसणारीला टोचू नये म्हणून मी आदल्या दिवशीच जुन्या गोधडीची गादी शिवून बांधली होती.

सोमवारी सकाळी मोटर विहिरीवरून निघाली. हातातोंडाशी आलेला गहू तहानला ठेवून बापूजींनी तिचे नटबोल्ट स्वतः खोलले. रॉकेलच्या चिंधीनं पुसली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आमच्या सोनबा गड्यानं चार माणसांच्या मदतीनं ती बैलगाडीत चढवली आणि खाली कडबा अंथरला. नवरी निघावी तशी मोटर निघाली!

‘‘मी म्होरं जाऊन सांगतो,’’ मी म्हणालो आणि सायकलीवर टांग मारली.

अर्ध्या कोसावर नाल्याचा पूल आहे. तिथं पोचलो आणि मागून हॉर्न वाजला. साधा नव्हे, हंबरल्यासारखा. मागं वळून पाहिलं तर मोटर कसली, आमची ओसरी चालत येत होती! लांबलचक, विलायती बनावटीची, कोणा साहेबाच्या लिलावातून घेतलेली असावी. डांबराची पट्टी तिच्या पोटाखाली गडप झाली होती आणि दोन्हीकडची चाकं मुरमातून चालली होती.

भोंऽऽ!

ट्रिंग! मी उत्तर दिलं.

भोंऽऽ भोंऽऽ!

ट्रिंग ट्रिंग!

शहाण्या माणसानं उतरून सायकल बाजूला घेतली असती. मी छाती काढून बरोबर मधोमध चाललो. सहा वर्षांचा रिवाज आणि आज तर सासुरवाडीला निघालेलो! पूल संपता संपता तिच्या मडगार्डनं माझ्या मागच्या चाकाला नुसता खांदा लावला. पुढचं मला नीट आठवत नाही. मी उठलो तेव्हा तुरीच्या शेतात होतो आणि तोंडात तुरीची शेंग होती.

मोटर थांबली. चालवणारा धावत आला. माझ्याच वयाचा, रूपराव नावाचा, लांबच्या एका गावचा मोठा कास्तकार. हे सगळं मला नंतर कळलं.

‘‘लागलं का हो?’’

‘‘नाई!’’

‘‘मंग साइड काऊन नाई देली?’’

‘‘माझी मर्जी!’’

त्यानं माझं चाक पाहिलं. चाकाचा आठचा आकडा झाला होता. ‘‘चला, बसा. सायकल मांगं बांधतो. जिथं जाचं तिथं सोडून देतो.’’

वाचकहो, इथं जरा थांबा. मीही गेली कित्येक वर्षं इथंच थांबलो आहे. मी ‘हो’ म्हणालो असतो तर फाट्यावर त्या राक्षसी मोटरीतून उतरलो असतो. बबनराव खूश, नानाजी खूश, कोकिळा माझी! पण माझ्या तोंडून काय निघालं? ‘‘मोटरीत बसणाऱ्यातला मी नाही!’’

‘‘जशी मर्जी,’’ तो म्हणाला आणि गेला.

मी सायकलचं मागचं चाक उचलून ओढत फाट्यावर पोचलो तेव्हा कोकिळा एकटी उभी होती. हातात रिकामी बादली.

‘‘तुमी?’’ ती घाबरली. ‘‘अगंबाई, हे काय झालं? तुमी इथं, मंग मोटरीत कोण होतं?’’

‘‘कोणच्या मोटरीत?’’

‘‘तुमच्या! आत्ताच येऊन गेली. त्याईनं पाणी मांगतलं मोटरीत टाकाले. बाबा म्हणाले, हेच ते, नानाजी बोललेच होते, लय पाणी ओढते म्हणून. मी बादली आणून देली. मांगं बाबा, आई, आत्या बसले अन् गेले.’’

‘‘पण आमचं गाव तं इकडं आहे! ते तिकडं काऊन गेले?’’

‘‘आईनं बी तेच विचारलं. बाबा म्हणाले, एवढी मोठी मोटर, फिरवाले सिंदीच लागन!’’

‘‘अहो, ती आमची मोटर नाई! आमची मागून येऊन राह्यली.’’

आणि आलीच. बैलांच्या घुंगरांचा आवाज करत गाडी फाट्यावर उभी राहिली. सोनबानं हार सारखा केला आणि अदबीनं विचारलं, ‘‘मोटर आणली जी. कुठं उतरवू?’’

कोकिळेनं मोटरीकडं पाहिलं. हाराकडं पाहिलं. तुरीचा पाला डोक्यावर असलेल्या माझ्याकडं पाहिलं. ओठ दाबले, खांदे हलले आणि मग ती अशी हसली, अशी हसली की हातातली बादली पडली! मीही हसलो. आम्ही कशाला हसतो हे न कळता सोनबाही हसला. माझ्या आयुष्यातली ती दोन-तीन मिनिटं कोणी परत देत असेल तर मी आजही पायी घ्यायला जाईन.

मग बादली उचलता उचलता तिनं विचारलं, ‘‘मंग बाबा कोणाच्या मोटरीत गेले?’’

मी पुलावरची टक्कर सांगितली. तिला सगळं कळलं, माझ्याआधी.

‘‘सिंदीचं फाटक!’’ ती म्हणाली. ‘‘साडेदहाची मालगाडी याची आहे, फाटक बंद असन. मोटर तिथंच उभी असन. चला, गाठू! मी बसते.’’

आणि कोकिळा माझ्या कॅरिअरवर बसली. माझ्या गादीवर, भर फाट्यावर, सोनबाच्या देखत! मी पायडल मारलं. चाक अर्धं फिरलं, कर्रर्र झालं आणि अडकलं. मी उतरून गुडघ्यानं दाबलं. सोनबानं चाकावर उभं राहून नाच केला. आठाचा नऊ झाला. ती तशीच गादीवर बसून होती, उतरत नव्हती. एकूण प्रवास तीन हात.

‘‘गाडीबैल घेऊ का?’’ सोनबा म्हणाला. पण पाच हॉर्सपॉवरचं वजन ओढून बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

तेवढ्यात लांबून मालगाडीची शिटी ऐकू आली. मग डब्यांचा खडखड आवाज, मग तोही थांबला. फाटक उघडलं असणार.

कोकिळा कॅरिअरवरून उतरली. गादीवर पडलेली चुणी हातानं सारखी केली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, ‘‘एक डाव साइड देली असती तं काय झालं असतं जी?’’

तिकडं फाटकापाशी सगळी चूक उघडी पडली होती. पाण्याच्या बदल्यात यांना सिंदीपर्यंत सोडायचं आहे, असं रूपराव समजला होता. पण मोटरीच्या गाद्या इतक्या मऊ होत्या म्हणे की बबनरावांच्यानं उठवेना! बोलता बोलता रूपरावांची जात, कूळ, चाळीस एकर, सगळं निघालं. तो बिचारा गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात लग्न जमू दे म्हणून नवस बोलायलाच निघाला होता. यांना सोबत घेऊन गेला. नवस बोलायचा राहिला, एकदम फेडायचाच झाला. वैशाखात ठरलं असतं तर निदान मला काही महिने मिळाले असते. त्यांनी माघातच उरकलं.

माणूस वाईट असता तर मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. तो भला निघाला. माझ्या सायकलला नवं चाक पाठवून दिलं.

पुढं माझंही लग्न झालं. प्रमिला चांगली बाई आहे, पण कॅरिअरवर बसत नाही. तुमचा भरोसा नाही, म्हणते, आणि सरळ एसटीनं जाते. मोटर परत विहिरीवर गेली, पण गाडीतले हिसके तिला बाधले असावेत. दर वर्षी जळायची. दर वर्षी तिचं काहीतरी काढून मी सिंदीला दुरुस्तीला न्यायचो.

शहाऐंशी साली असाच तिचा जळका स्टार्टर कॅरिअरवर बांधून चाललो होतो. त्याच पुलापाशी मागून हॉर्न वाजला. मी लगेच मुरमात उतरलो. आता मी सगळ्यांनाच साइड देतो, स्कूटरलासुद्धा. एक भलीमोठी जीप पुढं जाऊन थांबली. खिडकीतून कोकिळेनं डोकं बाहेर काढलं. अंगानं भरली होती, केसांत थोडं पांढरं आलं होतं. मागं पोरं बसली होती.

‘‘चाक सीधं झालं का जी?’’

‘‘कवाचंच.’’

तिनं कॅरिअरकडं मान वळवली. ‘‘अन् अजून रिकामंच नेता का?’’

बारा वर्षं मी या प्रश्नाची किती उत्तरं पाठ केली होती! ऐन वेळी एकही आठवलं नाही. मी म्हणालो, ‘‘नाई, मोटर आहे.’’

तिनं ओठ दाबले. खांदे हलले. हसू बाहेर सांडेपर्यंत जीप निघाली होती, म्हणून मला ते अर्धंच ऐकू आलं. मी धूळ बसेपर्यंत मुरमातच उभा राहिलो, आणि धूळ बसल्यावरही.

घरी पोचायला अंधार झाला. प्रमिला दारातच होती. ‘‘एवढा उशीर काऊन?’’

‘‘मोटरीपायी,’’ मी म्हणालो.

ती सायकलवरचा स्टार्टर पाहून कडाडली, ‘‘बारा वर्षं झाली ना हो, अजून जळूनच राह्यली! काढून फेकून काऊन नाई देत एकदाची?’’

मी स्टार्टर सोडत म्हणालो, ‘‘राहू दे. चालते अजून.’’