देवराव तलाठ्यांची पाहणी

ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या देवराव तलाठ्यांच्या डोळ्यांवर डॉक्टर लुबना यांनी जाडजूड काळा चष्मा चढवला. अमरावतीत हा प्रकार नवाच होता. कमरेखाली भूल दिलेल्या माणसाला आत छान छान देखावे दिसायचे आणि पोटावर सुरी चाललेली कळायचीसुद्धा नाही म्हणे. सुरीच्या धाकाने दोन वर्षं हर्निया सांभाळत बसलेले देवराव या चष्म्याच्या भरवशावरच आले होते.

भातकुलीकडच्या गावांत त्यांची पंचवीस वर्षं गेली. पंचनामा करावा तर देवरावांनीच! चावडीतल्या खुर्चीत बसायचं, कोतवाल सांगेल ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. चपलेला त्यांनी कधी चिखल लागू दिला नाही. यंदाही, लागोपाठ तिसऱ्या साली, सारं शिवार कोरडं लिहून ते मोकळे झाले होते.

चष्म्यात हिरवंगार शेत उघडलं.

"अरे बाप्पा!" देवराव ओरडले. "हे कोनाचं वावर? पीक तं डोलून राहिलं! अन् म्या सारं कोरडं लिहून देलं! साहेबानं पाह्यलं तं माही नोकरी गेली ना!"

रक्तदाब एकशे साठ.

"अहो देवरावभाऊ, चित्र हाय ते," डॉक्टर म्हणाल्या. "पायल, समुद्र लाव."

सिस्टर पायलने समुद्र लावला.

"पूर आला! वावरं बुडाले! अन् फारम तं दुष्काळाचे भरले!"

एकशे ऐंशी.

"पहाड लाव, लवकर!"

बर्फाचे डोंगर दिसताच देवरावांनी हात जोडले. "गारपीट! एका दिवसात तीन पाहण्या? मॅडम, कोतवालाले बलवा!"

दोनशे.

"दबाव उतरला नाई तं सुरी लावता येनार नाई," डॉक्टर वैतागून म्हणाल्या. "मंग या महिन्याभरानं."

देवरावांनी मनात हिशेब केला. पुन्हा तो हर्निया, पुन्हा ती पाठीतली सुई!

घाबरलेल्या पायलने दिसेल ते बटण दाबलं आणि चष्माच बंद पडला. आत मिट्ट काळोख. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण मशीनवरचा आकडा उतरू लागला होता. एकशे साठ, एकशे चाळीस, एकशे वीस. त्यांनी गुपचूप सुरी उचलली.

"भाऊ, आता काय दिसून राहिलं?"

"काईच नाई."

"भेव नाई वाटत?"

"भेव कायचं, मॅडम?" देवराव सुखाने जांभई देत म्हणाले. "आता कसं रोजच्यासारकं झालं. सांगा, सही कुठं करू?"