तळ्याकाठच्या शेवटल्या सॉसेजाचा वेढा

स्वस्ति. स्वीडन देशी, ब्योर्कनेस गावी, शाळेच्या मेजवानीत जो बाका प्रसंग गुदरला, तो तेथील पालक मंडळी अद्याप आपसांत हसोन सांगतात, परंतु लिहोन कोणी ठेविला नाही. सबब जैसे जाहले तैसे, तिखटमीठ न लाविता, कलमबंद करितो.

आयर्लंड मुलखीच्या केरी प्रांतातून नूलाबाई नामे नवी शिक्षिका इंग्रजी शिकवावयास दाखल जाहली. आणि ऑगस्ट सरता सरता पालकांनी तळ्याकाठी डेरा देवोन निखारे पेटविले. निखाऱ्यांचा तोफखाना सुतारकाम करणारे तोर्गनीराव यांचे हवाली होता. हाती लांब चिमटा, कमरेस फडके, आणि मुद्रा ऐसी, की सल्तनतीचा भार या जाळीवरच आहे. बाईंनी दुपारचे जेवण मुद्दाम टाळिले होते, की रित्या पोटी जावे आणि पालकांचे हातचे खाऊन त्यांची माया संपादावी. गाव नवे, ओळख कोणाची नाही, घर सुने. या संध्याकाळी आपली गणना परक्यांत न होवो, इतकीच मनीची मुराद होती.

तो तोर्गनीरावांनी पहिले सॉसेज पावात घालोन पुढे केले.

"घ्या बाई, गरम आहे."

आता केरीची रीत ऐसी, की पहिल्या पुसण्यास हात पुढे करील तो हावरट, दुसऱ्यास लाजावे, आणि तिसऱ्यास मोठे उपकार केल्यासारखे घ्यावे. बाई लाजोन बोलिल्या, "छे हो, नको. मला भूकच नाही."

"बरं," म्हणोन तोर्गनीरावांनी ते मागल्या गृहस्थास दिल्हे.

हाय हाय! आग्रह नावाचे पीक त्या मुलखात येतच नाही! तेथे नको म्हणजे नको. फिरोन पुसणे म्हणजे माणसाचे शब्दावर शक घेणे. बाई ताटकळल्या, की आता पुसतील, मग पुसतील. आणि सोल्वैगबाई, तिसरीतल्या जुळ्यांची आई, पावांची रास घेवोन समोरून गेल्या, त्यांनी पुसिले नाही. आणि मुलांच्या पलटणीने निम्मी रसद लुटिली. आणि मग मोहरीची चटणीही सरली. पोटात कावळे कोकलू लागले, तरी बाईंनी ओठांवर हसू धरोन हवापाण्याच्या गोष्टी चालविल्या. मागावे, तर कोणत्या तोंडाने? आई जवळ असती तर बखोटी धरोन भरविती, हे मनी येताच डोळे भरोन आले, आणि बाईंनी त्याचा दोष धुरावर टाकिला.

मग जाळीवर एकच सॉसेज उरले. येथोन खरा वेढा पडिला. शेवटला घास उचलणे म्हणजे त्या देशी अब्रूस बट्टा. आणि जाळीवर अन्न असता निखारे विझविणेही शोभत नाही. आणि निखारे असता उठोन जाणे तर त्याहून नाही. वरोन पाऊस भुरभुरू लागला. मुले कुडकुडली.

"कोणी घेणार का हे?" तोर्गनीरावांनी पुकार केला.

"नको, तुम्ही घ्या."

"छे छे, माझं तुडुंब झालंय."

अखेर मुख्याध्यापिका गुनव्होरबाई सुरी परजोन पुढे सरसावल्या, की अर्धे घ्यावे, अर्धे ठेवावे. मग दुसरा कोणी अर्ध्याचे अर्धे करील, आणि पहाट होईतो कोणीही शेवटला ठरणार नाही! ती सुरी पाहताच नूलाबाईंचा धीर सुटला.

"थांबा! कापू नका! ते अख्खं माझं. मघाशी मी खोटं बोलले. भूक होती, आणि आता तर जीव चाललाय माझा!"

बाईंनी करपलेले सॉसेज बोटांनीच उचलिले, आणि जीभ पोळली तरी सर्वांचे देखत फस्त केले.

तोर्गनीरावांनी सुस्कारा टाकोन निखाऱ्यांवर पाणी ओतिले. "सुटलो बाबा!"

तत्क्षणी खुर्च्या मिटल्या, छत्र्या उघडल्या. सोल्वैगबाईंनी बाईंचे दोन्ही हात धरिले. "देव तुमचं भलं करो! गेल्या वर्षी एका बटाट्यापायी अंधार पडेस्तोवर अडकलो होतो आम्ही."

गुनव्होरबाई मात्र चकित. "भूक होती, तर नको का म्हणालात?"

"वाटलं, पुन्हा विचारतील."

"पुन्हा कशाला? ऐकू आलं होतं की आम्हाला!"

मग पालकसभेने फर्मान काढिले, की शेवटला घास यापुढे नूलाबाईंस इनाम, त्यास कोणी सुरी लावू नये; आणि बाईंस दर मेजवानीस तीन वेळा पुसावे. पुढल्या मे महिन्यात निखारे पेटले, आणि तोर्गनीराव कानशिले लाल करोन, घरी घोकलेले मनी आठवीत, सॉसेज घेवोन आले.

"घ्या ना, बाई."

बाई आताशा तेथल्या रीतीस रुळल्या होत्या. "आणा" म्हणोन त्यांनी मोठा घासही घेतला.

"अहो, थांबा!" तोर्गनीराव कासावीस होवोन ओरडले. "अजून दोनदा विचारायचंय मला!"

आणि त्यांनी विचारिले, दोन्ही वेळा, चारचौघांत. आणि बाईंनी भरल्या तोंडाने दोन्ही वेळा "नको नको" म्हणितले. येणेप्रमाणे ब्योर्कनेसची मोहीम फत्ते जाहली, आणि नूलाबाई गावच्या जाहल्या, हे सर्वांस कळावे.