लोकार्पणापूर्वीचा चरा

खैरपाडा आरोग्य केंद्राच्या नव्या रुग्णवाहिकेने पहिल्या पाच महिन्यांत एकही रुग्ण वाहिला नाही. मात्र तेवढ्या काळात ती स्वतः दोनदा आजारी पडली आणि दोन्ही वेळा तिच्यावर तातडीने उपचार झाले. तिच्या प्रकृतीच्या नोंदींची फाइल आजही कार्यालयात पाहायला मिळते.

गाडी आली २००३च्या डिसेंबरात. लोकार्पण झाल्याशिवाय तिने चालायचं नाही, असा दंडक होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो बदलण्याचीही सोय नव्हती. लोकार्पणाच्या पहिल्या तारखेला प्रमुख पाहुण्यांच्या घरी लग्न निघालं. दुसऱ्या तारखेला निवडणुकीची आचारसंहिता आडवी आली. तोवर गाडी आटगाव स्टेशनामागच्या, रुळांना लागून असलेल्या एका शेडमध्ये उभी होती.

तिचा ड्रायव्हर काळूराम खैरपाड्याहून रोज अकरा किलोमीटर सायकल मारत यायचा, पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसायचा, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचा आणि बंद करून घरी जायचा. नोकरीबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याची मुलगी काजल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला त्याने शब्द दिला होता. "भिऊ नको गो बाय. बापाच्या हातात सरकारी गाडी हाय. कळा सुरू झाल्या की अर्ध्या तासात तुला शहापूरच्या हॉस्पिटलात नेतो." काजल निर्धास्त झाली. काळूरामची बायको सकुबाई नाही झाली. "गाडी चालल तवा खरं," ती म्हणाली आणि कामाला लागली.

फेब्रुवारीत विस्तार अधिकारी संदेश पष्टे पाहणीला आले. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काळूराम, गाडीला पुरळ उठलंय."

पांढऱ्या रंगावर तांबूस, मोहरीहून बारीक ठिपके होते. काळूरामने साबण लावला, रॉकेलचा बोळा फिरवला, ठिपके हलले नाहीत. पाहुण्यांना गाडीवरून हात फिरवायची सवय होती. मागच्या वर्षी एका जीपवरून हात फिरवून त्यांनी "खरखरीत" एवढा एकच शब्द उच्चारला होता आणि त्या जीपचा अधिकारी अजून कुठल्याशा घाटमाथ्यावर बदलीच्या ठिकाणी होता. पष्ट्यांना घाट मानवत नसे. त्यांनी फाट्यावरच्या अनंताला बोलावून घेतलं.

अनंता मुंबईच्या मोठ्या गॅरेजात शिकून आलेला, आता हायवेला गाड्या धुण्याचं स्वतःचं दुकान चालवणारा माणूस. त्याने ठिपक्यांकडे पाहिलं, मग रुळांकडे पाहिलं.

"काका, घाटातून उतरलेल्या रेल्वेच्या गाड्या हितं ब्रेक मारतात. लोखंडाचा चुरा उडतो, रंगावर बसतो, गंजतो आन् रुततो. तो साबणानं नाय निघत. तसंच पॉलिश मारलं तर तोच चुरा रंगावर घासला जातो. आधी माती लावायची."

त्याने डबीतून निळ्या मातीची वडी काढली, भाकरीच्या पिठासारखी मळून चपटी केली, धुतलेल्या बॉनेटवर साबणाचं पाणी फवारलं आणि वडी अगदी हलक्या हाताने फिरवली. सुरुवातीला खरखर ऐकू आली, मग ती थांबली. वडीच्या पोटाला तांबूस मळ लागला होता. अनंताने ती दुमडून स्वच्छ बाजू वर आणली आणि पुढचा पट्टा घेतला. "खाली पडली तर सरळ फेकून द्यायची," तो म्हणाला. "एक खडा चिकटला तरी चरा ओढते." शेवटी त्याने काळूरामच्या हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली. "आता फिरवा हात. उघड्या हाताला कळत नाय ते पिशवीतल्या हाताला कळतं."

काळूरामने हात फिरवला. उरलेला एकेक कण बोटाला सांगत होता, मी इथे आहे. माती फिरलेला भाग मात्र ओल्या काचेसारखा गुळगुळीत लागत होता. इतकं गुळगुळीत काही त्याच्या हाताला आयुष्यात लागलं नव्हतं, आणि त्याला फार बरं वाटलं. नंतर पॉलिश झालं, वॅक्स झालं, आणि त्याला गाडीत आपला चेहरा दिसला.

"आता हिला रुळापासून लांब न्या," अनंता म्हणाला. "नायतर महिन्यात परत तेच."

इथे खरं तर गोष्ट संपायची, पण पष्ट्यांनीही पिशवीत हात घालून पाहिला होता. आठवड्याने परिपत्रक निघालं. रुग्णवाहिकेची दररोज 'स्पर्श तपासणी' व्हावी, ती तीन कर्मचाऱ्यांनी स्वतंत्रपणे करावी, आणि बॉनेट, दरवाजे व छत यांचा 'स्पर्श अहवाल' गुळगुळीत, मध्यम गुळगुळीत आणि चिंताजनक अशा तीन वर्गांत सादर करावा. उघड्या हाताने गाडीला शिवण्यास मनाई करण्यात आली. पिशव्या संपल्यावर बाळंतपणाच्या खोलीतले रबरी हातमोजे तपासणीकडे वर्ग झाले. नर्स बाईजा भांडायला उठली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की गाडी चालू झाल्यावर बाळंतपणं तशीही शहापूरलाच होणार आहेत.

महिन्यात पुन्हा पुरळ उठलं. पुन्हा माती, पॉलिश, वॅक्स. आता गाडी हलवणं भाग होतं, आणि लोकार्पणापूर्वी ती चालवता येत नव्हती. पष्ट्यांनी रात्रंदिवस विचार केला. दंडक चालवण्याला होता, ओढण्याला नव्हता. मग ठाकूरवाडीच्या मंगळूची बैलजोडी आली. रंगाला दोर लागू नये म्हणून मधे गोधड्या घातल्या, काळूराम स्टिअरिंगवर बसला आणि रुग्णवाहिका ताशी दोन किलोमीटर वेगाने खैरपाड्याला निघाली. वाटेत माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत होती.

"काळूदादा," मंगळू कासरा धरून म्हणाला, "मोटार आमचे बैल ओढतान, मंग मोटार काय ओढल?"

शेणाचा एक शिंतोडा दाराकडे उडताना काळूरामला दिसला आणि तो ओरडला, "बैल सांभाळ रे, रंगाला लागल!" आपण असं का ओरडलो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

निवडणूक सरली आणि मेअखेरची तारीख पक्की झाली. आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव पडला, फाटकावर लोखंडी कमान उभी राहिली, बॉनेटसमोर लाल रिबन ताणली गेली. पाहुणे अकराला येणार होते. काजलच्या कळा नऊला सुरू झाल्या.

सकुबाईने तिला चालवतच केंद्रात आणलं. बाईजाने तपासलं आणि ती बाहेर आली ती घामेजून. "काळूदादा, बाळ आडवं हाय. माझ्या हातातलं नाय हे. शहापूरला न्या, आत्ताच्या आत्ता."

काळूराम पष्ट्यांकडे धावला. पष्टे हातमोजे घालून दुसरी स्पर्श तपासणी करत होते.

"साहेब, पोरीला न्यायचंय."

"न्यायचंच आहे. त्यासाठीच तर गाडी आहे," पष्टे मायेने म्हणाले. "पाहुणे कसाऱ्यापर्यंत आलेत. रिबन कापली की पहिली रुग्ण तुमचीच मुलगी. फोटोही चांगला येईल."

अकरा वाजले. मग साडेअकरा. पाहुणे अजून कसाऱ्यातच होते, कारण तिथे त्यांना आणखी एक रिबन लागली होती. आतून काजलची किंकाळी आली. आयुष्यात काळूरामने साहेबाचा शब्द मोडला नव्हता. दुसरा शब्द त्याने काजलला दिला होता. त्याने मागचं दार उघडलं, ते उघड्या हाताने. सकुबाई आणि बाईजाने काजलला आत घेतलं.

"काळूराम! मोजे!" पष्टे किंचाळले.

गाडी सुरू झाली. रिबन ताणली, तुटली आणि वायपरला गुंडाळली. फाटकाशी काळूरामचा कमानीचा अंदाज चुकला. दारावर लोखंड घासल्याचा आवाज सगळ्या मांडवाने ऐकला, आणि सगळा मांडव एकदम "अरेरे!" म्हणाला. त्या दिवशी माणसांच्या तोंडून मनापासून आलेला तो पहिलाच उद्गार होता.

शहापूरला स्ट्रेचर आत गेलं. दार बंद झालं. बाहेर उभ्या काळूरामचा हात आपोआप गाडीच्या दाराकडे गेला. चरा सव्वादोन इंचाचा होता. त्याने त्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की तो गाडीकडे पाठ करून पायरीवर बसला आणि रडला.

चौथ्या दिवशी चौकशी समिती बसली. काळूराम हातात पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन हजर झाला. तो त्याने टेबलावर ठेवला. समितीने मोजपट्टी पसरायला जागा हवी म्हणून तो बाजूला सरकवला. एका सदस्याच्या पट्टीवर चरा सव्वादोन इंच भरला, दुसऱ्याच्या दोन. अनंताला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं.

"मातीनं जाईल?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाय साहेब. माती वर बसलेलं काढते. आत गेलेलं तिच्यानं नाय निघत."

हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेण्यात आलं. काळूरामला सत्तावीस प्रश्न विचारले गेले. वेग किती होता, कमान किती लांबून दिसली, हात उघडा होता का, रिबन तुटली की तोडली. प्रत्येक उत्तर देऊन झाल्यावर तो खोक्याकडे पाहायचा, आणि अठ्ठाविसाव्या प्रश्नाची वाट पाहायचा.

निष्कर्ष एकमताने निघाला. लोकार्पण न झाल्यामुळे गाडी सेवेत नव्हती. सेवेत नसलेली गाडी शहापूरला गेली असं मानता येत नाही. सबब चरा गाडी उभी असताना पडला, आणि काजल हिला शहापूरला कुणीही नेलेलं नाही. काळूरामची नोकरी त्यामुळेच वाचली. नवी तारीख मागण्यात आली आणि तोवर गाडीवर पुन्हा माती फिरवण्याचं ठरलं.

सगळे उठले. टेबल आवरताना पष्ट्यांच्या हाताला खोका लागला. "हे काय आहे, काळूराम?"

"बर्फी, साहेब."

"कशाबद्दल?"

काळूरामने उत्तर दिलं, पण तोवर पष्टे एक तुकडा उचलून गाडीकडे गेले होते. काजलचं कसं आहे, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. माणसं अशी कशी, असं तुम्हाला वाटत असेल. पण चरा दोन इंच की सव्वादोन, यात तुम्हीही गुंतलात आणि आम्हीही. काजल ऑपरेशननंतर शुद्धीवर आली, आईला पाहून हसली, मुलगी झाली, ती दोन किलो तीनशे भरली, हे सगळं सांगायला काळूराम चार दिवस एखादा माणूस शोधत होता.