सूचनेवरून थांबवलेल्या पासपोर्टचे प्रकरण

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. चष्मा सापडत नसेल तेवढा वेळ सोडा. उंची बेताची असल्यामुळे गर्दीत अदृश्य होण्याची कला मला जन्मतःच अवगत आहे. नाक किंचित पुढे आलेले, म्हणजे तपासाच्या दिशेने. आणि कपाळ इतके भव्य की ते नेमके कुठे संपते हे आता सांगता येत नाही. मी उदय कानविंदे. विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालो. नोकरीभर गोदामाला आग लागण्याआधी माल कोणी हलवला एवढेच शोधत होतो; निवृत्तीनंतर क्षेत्र वाढवले. बदलीवर कोलकात्याला आलो आणि परत जायचे राहूनच गेले. त्यामुळे पुण्याच्या गुन्हेगारांची चांगलीच सोय झाली आहे.

इथे अडचण एकच. या शहरात दर दुसरा माणूस मनातून गुप्तहेर असतो. आमच्या बालीगंजच्या इमारतीत तळमजल्यावर सान्यालबाबू राहतात. निवृत्त प्राध्यापक, विषय वनस्पतिशास्त्र, आणि गुन्ह्याबद्दलची मते माझ्यापेक्षा ठाम. मी त्यांना साहाय्यक म्हणतो. ते मला काय म्हणतात हे मी कधी विचारलेले नाही.

माझे मुख्य शस्त्र म्हणजे पितळी मुठीचे भिंग. दुपारी ते माझ्या आईकडे असते. तिचे वय चौऱ्याऐंशी, आणि ती त्यातून पंचांग वाचते. दुपारच्या वेळी घडलेले गुन्हे मी त्यामुळे शक्यतो घेत नाही.

तर प्रकरण असे. आमची मुलगी गौरी क्वालालंपूरला असते. पहिलेच बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि तिची आई, म्हणजे माझी पत्नी मंगला, हिने तिकडे पोचणे ही काळाची गरज. डिंकाचे लाडू झाले, हळीव निवडले, बाळाची झबली-टोपडी इस्त्री करून झाली. विमान सोमवारी रात्री, घटस्थापनेच्या दिवशी, डमडमहून. सगळी तयारी झाल्यावर मंगलाने पासपोर्ट उघडला. त्याची मुदत संपायला चार महिने होते.

"चार महिने म्हणजे भरपूर," मी म्हणालो.

"तिकडे उतरायला सहा लागतात," मंगला म्हणाली.

म्हणजे पासपोर्ट जिवंत होता, पण कुठे जाण्यायेण्याच्या स्थितीत नव्हता. आमच्या ओळखीत असे बरेच लोक आहेत. त्यांचे नूतनीकरण होत नाही, पासपोर्टचे होते.

तात्काळ योजनेत अर्ज केला. तात्काळ हा शब्द सरकारने संस्कृतातून घेतला, अर्थ तिथेच ठेवला. संकेतस्थळावर भेटीची वेळ मिळवायला मंगला रोज अंघोळीआधी बसायची आणि दुपारच्या जेवणाला उठायची. एकदाची वेळ मिळाली, तर कार्यालयातले यंत्र तिच्या बोटांचे ठसे घेईना. इतकी वर्षे पोळ्या लाटून रेषा पुसल्या गेल्या होत्या. गुन्हेगारी जगात अशा बोटांना केवढी मागणी असते हे मी खिडकीतल्या मुलीला समजावून सांगत होतो, तेव्हा मंगलाने मला बाहेर बसायला सांगितले. मग पत्त्याच्या चौकशीला पोलीस घरी आला. मी त्याला माझे कार्ड दिले. त्याने ते वाचून विचारले, "अर्जदार आपण, की मिसेस?"

"मिसेस."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

या सगळ्या धावपळीत मी मंगलाला एक बोधप्रद गोष्ट सांगितली. माझा स्वतःचा पासपोर्ट मी अशा गुप्त जागी ठेवला आहे की जगातला कोणताही चोर तिथे हात घालणार नाही. "तुझाही तसा ठेवला असता, तर..."

"तर मुदत वाढली असती का?"

या प्रश्नाला तपासाच्या दृष्टीने महत्त्व नव्हते.

शनिवारी सकाळी मोबाइलवर निरोप आला: पासपोर्ट पोस्टमनकडे दिला आहे, आज घरी येईल. पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात देतात. अशा वेळी साधा माणूस घरी बसून वाट बघतो. मी योजना आखली. वाटेत पासपोर्ट लांबवणाऱ्या टोळ्या असू शकतात. म्हणून मी पोस्टमनवर लांबून पाळत ठेवणार, आणि मंगला इमारतीच्या मागच्या फाटकाशी उभी राहून संशयितांवर लक्ष ठेवणार.

"आणि मला द्यायला तो वर आला तर?"

"आई आहे ना घरात."

मंगलाने नेहमीप्रमाणे आधी पंख्याकडे पाहिले, मग चपला घातल्या.

खाकी पिशवीवाला माणूस मला गल्लीच्या तोंडाशीच सापडला. मी त्याच्या मागे लागलो. तो गडियाहाटच्या बाजाराकडे वळला. दुर्गापूजा तोंडावर आलेली, सगळे कोलकाता नव्या साड्या घ्यायला रस्त्यावर उतरलेले. घरी आई पितृपक्षात नवी केरसुणी येऊ देत नाही. आमच्या न्हाणीघरातला बल्ब गेला तोही पंधरवडा संपेपर्यंत नवा आणायचा नाही असा तिचा हुकूम, म्हणून आम्ही अंदाजाने अंघोळी करत होतो. आणि इथे माणसे त्याच पितृपक्षात गठ्ठ्यांनी कपडे घेतात. या विरोधाभासावर चिंतन करत मी त्या माणसाच्या मागे मासळीबाजारात शिरलो. त्याने इलिशचे पोट दाबून पाहिले, भाव केला, घेतला नाही. मग एका घरात शिरून विजेचे मीटर वाचले. दुसऱ्या घरातही तेच. पाचव्या मीटरनंतर मला शंका आली.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. मंगला मागच्या फाटकाशीच होती. संशयित म्हणून तिला एक मांजर आणि सान्यालबाबू एवढेच दिसले होते.

संध्याकाळी पोस्ट बंद झाल्यावर मोबाइलवर पुढची नोंद आली: "घेणाऱ्याच्या सूचनेवरून थांबवले."

मंगलाने तो निरोप दोनदा वाचला. "सूचना? मी कुठली सूचना दिली? उद्या रविवार, पोस्ट बंद. परवा रात्री विमान. अहो, तिला पहिल्यांदाच कळा येतील आणि जवळ कोणी नसेल."

एरवी तिचा आवाज असा होत नाही. माझ्यातला नवरा क्षणभर गडबडला, पण मी त्याला बाजूला केले. प्रकरण आता माझ्या योग्यतेचे झाले होते.

साक्षीपुराव्यात भेसळ होऊ नये म्हणून मी पहिला नियम जाहीर केला. तपास पूर्ण होईपर्यंत घरातल्या साक्षीदारांनी या विषयावर एकमेकांशी बोलायचे नाही. जे बोलायचे ते माझ्याशी. मग आईची जबानी घेतली.

"आई, आज दाराशी कोणी संशयास्पद इसम आला होता?"

"संशयास्पद? नाही बाई. पण ऐक, तो..."

"विचारलं तेवढंच सांगायचं."

"बरं," आई म्हणाली आणि जपमाळ ओढू लागली.

सान्यालबाबूंना बोलावले. ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "कानबिंदेबाबू, इट इज क्लिअर. कोणीतरी तुमच्या मिसेसचं सोंग घेतलं. बाई असणार. मराठी येणारी."

"कोलकात्यात मराठी येणारी बाई?" मी टिपले. संशयितांचे वर्तुळ एकदम लहान झाले. महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीला मंगलाने ज्यांचा सूर दुरुस्त केला होता, त्या मानसी दाभोळकर. हेतू उघड होता. मी त्यांना फोन करून सहज स्वरात विचारले, "आज सकाळी आपण कुठे होता?"

"पार्लरमध्ये. का हो? मंगलाताई निघाल्या का? त्यांना सांगा, मेतकूट माझ्याकडून न्या, गौरीला जाईल तोंडाला चव नसली तर."

फार सराईत उत्तर होते. पण रात्री त्यांनी खरोखरच मेतकूट पाठवले, त्यामुळे तो धागा तुटला.

रविवारी सकाळी सान्यालबाबूंच्या समक्ष मी दुसरा सिद्धांत मांडला. "मंगला, स्पष्ट बोलतो. तू आजवर एकटीने विमानप्रवास केलेला नाहीस. तुला भीती वाटते. अंतर्मनाने तूच पोस्टमनला थांबवलेस."

मंगला हळिवाची पुरचुंडी बांधत होती. तिने गाठ घट्ट मारली.

"मला भीती वाटते, खरं आहे," ती म्हणाली. "विमानाची, त्या सरकत्या पट्ट्याची, तिथल्या अधिकाऱ्याने इंग्रजीत काही विचारलं तर त्याची. तरी लाडू वळतेच आहे ना? आता तुमच्या पद्धतीने बघू या. मी गेले नाही तर फायदा कोणाचा?"

सान्यालबाबू पुढे सरकून बसले.

"तीन महिने खिचडी कोणाला खावी लागणार? मला मागच्या फाटकाशी उभं कोणी केलं? मोबाइलमध्ये पोस्टाचं सगळं कोण बघतं? आणि आईंना बोलू नका असं कोणी सांगितलं?"

"ओ माँ," सान्यालबाबू हळूच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले ते वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेने, विषारी आहे का हे ठरवावे तसे.

चौतीस वर्षे दावे तपासले, पण माझ्याविरुद्ध इतका भक्कम पुरावा कधी जमला नव्हता. मी स्वतःची उलटतपासणी मनातल्या मनात सुरू केली आणि दोन प्रश्नांत गडबडलो.

मंगला माझा नियम मोडून सरळ सासूपुढे जाऊन बसली. "आई, काल पोस्टमन आला होता का हो?"

"आला होता की."

सान्यालबाबूंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"आपला निताई," आई म्हणाली. "तू नव्हतीस. म्हणाला, मासिमा, त्यांच्याच हातात द्यायचं आहे, पोस्टात ठेवतो, परत येईन. मी म्हटलं, बाबा, उद्यापरवा करत मध्येच उगवू नकोस. पितृपक्ष चाललाय, नवीन वस्तू घरात घेत नाहीत. घट बसले की सोमवारी सकाळी आण. त्याला लगेच पटलं. म्हणाला, देवीपक्षात आणतो. लाडू दिला मी त्याला."

"आई," मी म्हणालो, "मी तुला विचारलं होतं."

"संशयास्पद माणूस आला का असं विचारलंस. निताई संशयास्पद आहे का? पूजेला, दिवाळीला येतो, पाया पडतो. पुढे सांगायला लागले तर म्हणालास, विचारलं तेवढंच सांग."

"आणि मला का नाही सांगितलंत?" मंगलाने विचारले.

"यानेच बंदी घातली ना." मग आईने जपमाळ मांडीवर ठेवली. "गौरीचं पहिलंच आहे ग. पितरांच्या पंधरवड्यात तिच्यासाठी काही नवं उंबऱ्याच्या आत येऊ नये, एवढंच वाटलं मला. चुकलं का?"

मंगलाने हळिवाची पुरचुंडी आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमच्या हाताने ठेवा पिशवीत."

सान्यालबाबू जाताना दाराशी थांबले. "मी आधीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "मराठी येणारी बाई."

सोमवारी सकाळी परडीत माती पसरून आईने धान्य पेरले, घट बसवला, आणि अजून अक्षता टाकते आहे तोच बेल वाजली. निताई अंघोळ करून, भांग पाडून आला होता. मंगलाने सही केली. आईने कुंकवाचा करंडा घेतला आणि पासपोर्टच्या फोटोवर बोट टेकणार, इतक्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, मंगला आणि निताई, एकदम तिच्या हाताकडे झेपावलो. कुंकू पाकिटाला लागले. तपासात माझे हे एकमेव निर्विवाद यश.

संध्याकाळी डमडमला मंगला काचेच्या दारातून आत गेली. सरकत्या पट्ट्यापाशी थबकली, पदर खोचला, एक पाय ठेवला आणि निघून गेली. वळून पाहिले नाही. तिला वळून पाहायला भीती वाटली असावी. मला तर तिकडे बघायलाही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पोचली, गौरी बरी आहे, मेतकूट-भात खाल्ला, अधिकाऱ्याने इंग्रजीत फक्त "वेलकम" म्हटले. "आणि अहो, गौरी म्हणते, बारशाला बाबा हवेतच. आईंना चार दिवस सान्यालवहिनी सांभाळतील, बोलले मी. तुमचा पासपोर्ट तेवढा काढून ठेवा. गुप्त जागेतून."

मी स्वयंपाकघरात गेलो. स्टुलावर चढलो. वरच्या फळीवरचा साबुदाण्याचा डबा काढला आणि कोपरापर्यंत हात घातला. साबुदाणा होता. फक्त साबुदाणा.

"काय शोधतोस?" आई मागून म्हणाली. तिला नवरात्राचे उपास. "पासपोर्ट ना? तो मी मागच्या एकादशीलाच काढला. उपासाच्या डब्यात बाहेरची वस्तू ठेवतात का? खिचडीत जायचा."

तिने तो देवघराच्या खणातून काढून दिला. झटकला तेव्हा दोन दाणे पडले. दुपारची वेळ होती, भिंग तिच्याच हातात होते.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "की विचारलं तेवढंच सांगू?"

"सांग."

"मी सगळा वाचलाय तो, पंचांगाबरोबर. याला पाचच महिने उरलेत."