स्प्रिंग नवे, ब्रेक नवे

त्या वर्षी शिवप्पाच्या घरात एकालाच पोसता येणार होतं, बैलाला किंवा पिकअपला. बैल गुणाबाईचा. माहेराहून वासरू म्हणून आलेला, अस्सल देवणी, तोंडावर काळा, नाव कोतवाल. पिकअप शिवप्पाची, आणि तिला नावं ठेवण्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. कडबा संपत आला, तेव्हा बैल विकून टाकावा असं शिवप्पाचं मत पडलं. गुणाबाईनं आपलं मत दोन दिवस चूल न पेटवता कळवलं.

शेवटी तोड निघाली. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि नव्या जिल्ह्याचं जनावरांचं प्रदर्शन देवणीत भरणार होतं. तिथं कोतवालाचा नंबर आला तर तो घरी राहील, नाही तर तिथल्या तिथे विकायचा. नोंदणी सकाळी अकरापर्यंत होती.

"पर न्यायचा माझ्याच गाडीतनं," शिवप्पा म्हणाला. "पायी नेला तर निम्मा वाटंतच वाळंल."

"ती थांबवायला पाच डाव पाय हाणावा लागतो," गुणाबाई म्हणाली. "माझा बैल तिच्यात चढनार न्हाई."

हे शिवप्पाला फार लागलं. त्यानं उदगीरच्या मन्मथ मिस्त्रीला गाठलं. मन्मथकडे एका उलटलेल्या जीपचं सामान पडून होतं, जीप अगदी अलीकडची. त्यानं तिचे जाड स्प्रिंग आणि ब्रेक काढून या म्हाताऱ्या पिकअपला बसवले. दोन दिवस शिवप्पा भेटेल त्याला एकच सांगत होता, स्प्रिंग नवे, ब्रेक नवे. सासुरवाडीहून कोणी आलं असतं तर त्यालाही पाण्याआधी हेच मिळालं असतं.

प्रदर्शनाच्या सकाळी पिकअप दारातल्या ओट्याला लावली, तेव्हा घोटाळा लक्षात आला. जुन्या दबलेल्या स्प्रिंगांवर गाडीचं बूड बरोबर ओट्याला टेकायचं. आता ते ओट्याच्या हातभर वर गेलं होतं. कोतवालानं वर पाहिलं आणि शिवप्पाकडे पाहिलं. मग तो रवंथ करू लागला.

गाडी वजनानं दबेल, असं आपलं काम बघायला आलेल्या मन्मथचं म्हणणं पडलं. आळीतले नऊ जण पिकअपमध्ये चढून उभे राहिले. गाडी खरंच वीतभर खाली आली, पण आत बैलाला जागा राहिली नाही. बैलाला जागा द्यायला ते उतरले, तशी गाडी पुन्हा वर गेली. हा प्रयोग तीनदा झाला, कारण दर वेळी कोणाला तरी वाटे की आपण नीट उभे राहिलो नव्हतो.

मग मागच्या चाकांना खड्डे खणायचं ठरलं. दुष्काळी कामावर खणून खणून सगळ्यांचे हात तयारच होते. अर्ध्या तासात असे खड्डे झाले की मुकादमानं माप घेऊन पाठ थोपटली असती. पिकअप खड्ड्यात उतरली, शिवप्पानं नवा ब्रेक कचकन दाबला, आणि कोतवाल शांतपणे आत जाऊन उभा राहिला. शिवप्पानं बायकोकडे असं बघितलं की तिनं पदर सावरून तोंड फिरवलं.

पण गाडी हलेना. ब्रेक लागला तो लागलाच.

"आधी लागत न्हाई म्हून वरडत हुता, अप्पा," मन्मथ म्हणाला. "आता लागलाय तर सुटत न्हाई म्हून वरडायलाव."

तो गाडीखाली शिरला आणि त्यानं ब्रेकचं तेलच सोडून दिलं. चाकं मोकळी झाली, ब्रेक मात्र राहिला नाही. चाकं खड्ड्यात जागच्या जागी फिरू लागली आणि इंजिन पुन्हा पुन्हा बंद पडून बॅटरीही बसली. नऊ वाजून गेले होते. गुणाबाईनं कोतवालाला खाली उतरवलं. विहीर आटल्यापासून मोटेचा नाडा रिकामाच होता. तो तिनं पिकअपच्या तोंडाला बांधला आणि बैलाला जुंपलं.

कोतवालानं एका दमात गाडी वर काढली. तीस पावलं चालला, थांबला, आणि मागं सरकू लागला. मोटेवर रोज तो हेच करायचा. पिकअपही त्याच्याबरोबर मागं आली आणि पुन्हा खड्ड्यात बसली. दुसऱ्या वेळी गुणाबाई कडब्याची पेंढी घेऊन पुढं चालली, तेव्हा कुठं त्याला आज मोट नाही हे पटलं. आता बैल सोडून पुन्हा चढवायला वेळ नव्हता, आणि गाडी मागं ठेवायला शिवप्पा तयार नव्हता. तसेच सगळे देवणीच्या रस्त्याला लागले, पुढं पेंढी, मागं बैल, त्यामागं पिकअप आणि तिच्यात स्टेअरिंग धरून शिवप्पा. रस्त्यानं लोक विचारत होते, तो समोर बघून स्टेअरिंग वळवत होता.

प्रदर्शनाच्या मैदानाआधी मोठा उतार आहे. तिथं शिवप्पाचा चेहरा पांढरा पडला. "गुणा, हिला ब्रेक न्हाई," तो म्हणाला.

गुणाबाईनं नाडा पुढून सोडला आणि गाडीच्या बुडाला बांधला. कोतवालाचं तोंड चढाकडे केलं आणि जिभेनं मोटेवरचा टकटक आवाज काढला. कोतवाल एकेक पाऊल मागं सरकू लागला. रिकामी मोट विहिरीत सोडावी तशी त्यानं मालकिणीच्या नवऱ्यासकट पिकअप सावकाश मैदानात सोडली. अकराला दहा मिनिटं होती.

परीक्षक डॉक्टर खुर्चीवरून उठून आले. त्यांनी बैलाचे पाय चाचपले. हे याला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं.

"विहिरीनं," गुणाबाई म्हणाली.

कोतवालाचा पहिला नंबर आला. गळ्यात बिल्ला पडला तेव्हा गुणाबाई सगळ्यांसमोर रडली, आणि शिवप्पा बैलाच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिला.

दुपारी नायगावचा एक व्यापारी दोघांपाशी आला. गाडी-बैल मिळून काय घेणार, असं त्यानं शिवप्पाला विचारलं. शिवप्पानं तोंड उघडलं, तोवर गुणाबाई पुढं झाली.

"गाडी द्यायची हाय," ती म्हणाली. "स्प्रिंग नवे, ब्रेक नवे. बैल त्याच्यात धरू नका."